बारव वरूनच चांगली दिसते

दादा, मी तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे, हे आधीच सांगून ठेवते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता राग धरणं शोभत नाही, असं कुणीही म्हणेल. म्हणू द्या. बापावर रागवायला काही मुदत नसते. मागच्या महिन्यात तुमच्या नातीनं मला इटलीला नेलं. मोठी शहरं नकोत म्हणाली, तुला आजोबांसारखी जुनी खेडी आवडतात ना, मग खेडीच बघू. म्हणून आम्ही मायलेकी एका टेकडीवरच्या दगडी गावात जाऊन राहिलो. खाली द्राक्षाचे मळे, उतारावर जैतुनाची झाडं, आणि गाव असं की दगडावर दगड कित्येक शतकं नुसता बसवलेला. तुम्ही असता तर भिंतींवरून हात फिरवत हिंडला असता आणि जेवायची शुद्ध राहिली नसती. सुरुवातीचे दिवस तुमची लई आठवण आली, चांगली आठवण. राग नंतर आला.

गावाच्या कडेला एक झरा आहे. तिथं उतरायला रुंद पायऱ्या, खाली कमानी, कमानीत दगडी हौद. पूर्वी साऱ्या गावच्या बाया तिथं धुणं धुवायच्या म्हणे. आमची घरमालकीण, एक म्हातारी, आम्हाला दाखवायला घेऊन गेली. तिची भाषा मला येत नव्हती, पण ती हातानं बोलत होती: उतरा, प्या, तोंड धुवा. तुमची नात धडाधड उतरली. ओंजळीनं पाणी प्याली, मान वर करून कमान बघितली आणि मला हाक मारली, "आई, खाली ये. हे खालून बघायचं असतं." मी काठावर उभी राहून म्हणाले, "वरूनच चांगलं दिसतं." विचार करून नाही म्हणाले. आपोआप तोंडातून निघालं, तुमच्याच सुरात, तुमच्यासारखी मान जराशी कलती करून. म्हातारी माझा हात धरून ओढत होती आणि माझा पाय काही पहिल्या पायरीवर पडेना. बँकेत अधिकारी होऊन रिटायर झालेली बाई मी, साठी उलटलेली. जिथं मला कुत्रंही ओळखत नाही अशा मुलखात मला चार पायऱ्या उतरता आल्या नाहीत. तेव्हापासून हा राग पोटात घेऊन फिरून राहिले.

तुम्ही बांधकाम खात्यात ट्रेसर. साहेबांनी काढलेले नकाशे पातळ कागदावर शाईनं गिरवायचं काम. आठवडाभर मान मोडून गिरवायचं, आणि रविवारी मला घेऊन नांदेडच्या स्टँडवर. क्वार्टरमधली बाकीची लेकरं सिनेमाला जायची आणि आपण पडके बुरूज बघायला. कंधारचा किल्ला, उदगीरचा किल्ला, खरोशाची लेणी, कुठल्यातरी माळावरचं छत उडालेलं देऊळ. आईनं फडक्यात भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिलेली असायची. पोरीला धोंडे दाखवून काय करून राहिले, असं ती दर रविवारी विचारायची. तुम्ही म्हणायचा, "धोंडे न्हाईत ते. माणसाचे हात हायेत." मला ते वाक्य इतकं आवडायचं की शाळेत निबंधात लिहून मी शाबासकी मिळवली होती. आजही कुठं जुना दगड दिसला की माझा हात आधी पुढं होतो. हे तुम्ही दिलंत. नाही म्हणत नाही.

पण तुमच्या सगळ्यात आवडीची होती ती चाकूरच्या पुढची बारव. हे आपलं गाव, पण आता इथं आपलं कुणी राहिलं न्हाई, एवढंच तुम्ही मला सांगितलं होतं. आपण गावात कधी शिरलो नाही. फाट्यावर उतरायचं, बांधाबांधानं थेट बारवेवर यायचं. चहूबाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या, खाली हिरवंगार पाणी, भिंतीत कोनाडे, एका अंगाला हत्ती कोरलेला. काठावर एक सपाट दगड होता. त्यावर बसून तुम्ही चित्र काढायचा आणि मला काढायला लावायचा. खाली जाऊ का, हत्ती जवळून बघू का, असं मी दर वेळी विचारायची. तुम्ही समजावून सांगायचा, "नकाशा वरूनच काढतात, माय. वरून सगळं एकदम दिसतं. खाली उतरलं की निस्ती भिंत दिसती." मला पटायचं. का पटू नये? तुमचा धंदाच नकाशाचा. बारव वरूनच बघायची असते, उतरणारे अडाणी, असंच मी धरून चालले. पाणी भरायला उतरणाऱ्या बायांची मला कीव यायची, की बिचाऱ्यांना हे काहीच दिसत नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नांदेडला नळाला पाणी नाही, आणि तरी तुम्ही रविवार चुकवला नाही. रस्त्याच्या कडेला माणसं खडी फोडत होती. बारवेचं पाणी पार तळाशी गेलेलं, कधी न दिसलेल्या पायऱ्या उघड्या पडलेल्या. तुम्हाला त्याचाच आनंद. बघ, आता पुरी बारव दिसायली, म्हणालात. आपल्याजवळचं पाणी संपलं होतं. माझ्या घशाला कोरड, समोर पाणी. तुमचं लक्ष कागदात होतं म्हणून मी उठले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तुम्ही मला दंडाला धरून मागं ओढलंत आणि थोबाडीत मारलीत. आयुष्यात मला मारलेली तेवढी एकच. पाय घसरला असता, म्हणालात. उन्हानं तापलेला कोरडा दगड, दादा. त्यावर पाय कसा घसरतो?

तेवढ्यात एक बाई घागर घेऊन वर आली. मी रडत होते म्हणून तिनं तांब्या भरला आणि माझ्या हातात द्यायला पुढं केला. मग तिनं तुमच्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं, तू गावाबाहेरच्या अमक्याचा पोरगा न्हवं? तुमच्या बापाचं नाव घेतलं तिनं. तुम्ही फक्त "हाव" म्हणालात. तिनं पुढं केलेला तांब्या मागं घेतला, उंच धरला, आणि मला ओंजळ करायला सांगून वरून पाणी ओतलं. मी प्याले, पोटभर प्याले. आणि काय वाटलं मला, सांगू? मला वाटलं ओळख निघाली म्हणून तिनं मान दिला. गावाकडं पाहुण्याला असं उंचावरून पाणी देत असतील, असं मी समजले. घरी आल्यावर तुमच्या ऑफिसातले कुणी आले, तर मी ऐटीत त्यांना ओंजळ करायला सांगितलं आणि तांब्या उंच धरला. आईनं तो माझ्या हातातून हिसकावून घेतला. तुम्ही उठून बाहेर गेलात. मला कुणीही काहीही सांगितलं नाही.

त्याच घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. त्याच घरात तुम्ही मला निजवताना महाडच्या तळ्याची गोष्ट सांगायचा, हजारो माणसं ओळीनं पाण्याकडं कशी चालत गेली, पहिली ओंजळ कशी भरली. तुमचा आवाज भरून यायचा. आणि मी ती गोष्ट राजाराणीच्या गोष्टीसारखी ऐकायची, फार जुनी, कधीच संपलेली. तुम्ही मला तसंच ऐकू दिलंत.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा तुमची बदली तिकडं झालेली, आणि मी कॉलेजात. नव्या जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. साहेब नवे होते, पुण्याकडचे, भले गृहस्थ. त्यांनी तुमची चित्रं बघितली आणि बारवेचं मोठं चित्र तुमच्याकडून करून घ्यायचं ठरवलं. तुम्ही आठवडाभर हवेत होता, नवा शर्ट शिवलात. साहेबांच्या जीपमधून आपण गेलो, कागदाची गुंडाळी माझ्या मांडीवर. साहेब सरळ खाली उतरले आणि तिथून तुम्हाला बोलावू लागले, की अहो, हत्ती किती सुंदर आहे, इथं बसून काढा. तुम्ही त्या सपाट दगडावर बसून राहिलात. साहेब, वरूनच चांगली दिसती. ते हसले, परत बोलावलं. तुम्ही तेच. आणि मी मूर्ख, तुमची बाजू घेऊन साहेबांशी वाद घातला, नकाशा वरूनच काढतात वगैरे. साहेबांनी पुढं काही आग्रह केला नाही. प्रदर्शनात बारवेचा फोटो लागला, खालून काढलेला. तुमचं चित्र घरी परत आलं. त्यानंतर रविवारी तुम्ही घरीच बसायला लागलात, आणि मला वाटत राहिलं की माझ्या बापाची कदर झाली नाही.

खरं काय ते आईनं सांगितलं, तुम्ही गेल्यावर. तुरीची डाळ निवडत बसलो होतो. मी त्या साहेबांना शिव्या देत होते आणि तिला ते सहन झालं नाही. तुम्ही शाळेत जायच्या वयाचे असताना उन्हाळ्यात बारवेत उतरलात, पोहलात, पोटभर पाणी प्यालात. गावानं तुमच्या बापाला बोलावून घेतलं आणि तुमच्यादेखत काठावरच्या दगडावर नाक घासायला लावलं. "ज्या धोंड्यावर तुमी दोघं बसायचे न्हवं," आई म्हणाली, "त्योच." मी विचारलं, मला कामून सांगितलं नाही? ती म्हणाली, "त्यांनी शपथ घातली व्हती. म्हनले, पोरीला कळलं तर ती मान खाली घालून चालंल."

आधी मला त्या गावाचा राग आला. अजून येतो, अंगाची लाहीलाही होते. त्या गावात आता बारव साफ केली आहे, पाटी लावली आहे, लोक तिथं जाऊन फोटो काढतात, पूर्वजांचा वारसा म्हणून भाषणं ठोकतात. कुणाच्या पूर्वजांचा, ते पाटीवर नाही. पण त्यांचा राग करणं सोपं आहे हो. परक्यावर रागावलं की माणूस मोकळं होतं. तुमच्यावर रागावलं की मला मोकळं होता येत नाही.

तुम्ही मला खोटं बघायला शिकवलंत. अपमान झाला तर झाला, तो अपमान म्हणून द्यायचा होता माझ्या हातात. मी रडले असते, भांडले असते, कदाचित दगड मारले असते. तुम्ही तो घासूनपुसून, चित्रकला म्हणून दिलात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर तो मार किती देखणा हे समजावून सांगायचं! साहेब स्वतः खाली उभे राहून बोलावत होते, दादा. जीप बघून जमलेलं गाव बघत होतं, पण हात लावायची कुणाची छाती झाली नसती. तेव्हा तरी उतरायचं. एकदा. माझ्यासाठी. मी आयुष्यभर काठावर उभी राहिले आणि त्याला माझी आवड समजले. बँकेच्या सहलीत नदीवर सगळ्या बाया पाण्यात, मी त्यांच्या पर्सा सांभाळत काठावर. लग्नात पंगत बसली की मी वाढायला उभी, बसायचं नाव नाही. मला वाटायचं माझा स्वभावच असा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि तरी तुम्ही फिरून फिरून त्याच दगडावर जाऊन बसायचा. दुसरी बारव मराठवाड्यात नव्हती का? लेकीला शेजारी बसवून, हातात पेन्सिल घेऊन, त्या गावाच्या डोळ्यांसमोर. हे मला आज लिहिताना पहिल्यांदा सुचतंय आणि मला ते नको आहे. मला आज तुम्हाला समजून घ्यायचं नाही. मला नुसतं रागवायचं आहे.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि धाडायला तर तुमचा पत्ताच नाही. तुमच्या नातीला तरी सगळं सांगावं, असं मी परतीच्या विमानात ठरवलं होतं. खरी संधी त्याआधीच येऊन गेली होती. त्या झऱ्यावरून घरी परत जाताना तिनं माझा हात धरून विचारलं होतं, "आई, तू उतरली का नाहीस? खरं सांग." तिचे केस ओले होते, चेहऱ्यावर पाणी होतं, आणि ती मान वर करून, ऐटीत चालत होती. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, गुडघे दुखतात गं.

गुडघे माझे ठणठणीत आहेत, दादा. परवा तिनं कुरियरनं गुडघ्यांचे पट्टे पाठवले. रोज फोन करून विचारते, घातलेस का? खोटं नको बोलायला म्हणून मी ते घालूनच हे लिहायला बसले आहे.