सर्वेशशेटच्या मशीनचं गाऱ्हाणं

ती. सौ. सावित्रीताईस,

धाकट्या उमाचा सा. नमस्कार. पोफळीला सगळी बरी असालच. भावोजींचा गुडघा कॉलनीचा जिना चढू देतो का, ते कळव. इकडे आप्पा (माझे सासरे, त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं की मला आधी एक श्वास घ्यावा लागतो) ठणठणीत आहेत. फोनवर बोललेलं ते पडवीत बसून सगळं ऐकतात, म्हणून हे पत्र.

ताई, आमच्याकडे कपडे धुण्याचं मशीन आलं. खेडच्या सर्वेशशेटच्या दुकानातून, आठवड्याच्या हप्त्यावर. मी तर अजून त्या पद्धतीच्याच नवलात आहे. ज्याने आपल्याला कधी पाहिलं नाही तो माणूस एवढी वस्तू टेम्पोतून दारात आणून उतरवतो आणि वर 'सावकाश द्या' म्हणतो. (आमच्या सख्ख्या जाऊबाई पुरणयंत्र दिलं तर संध्याकाळपासून आठवण करतात.) अट एकच, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत वस्तू दुकानाची. बसवायला आलेल्या माणसाने नुसतं पाणी घालून ते एकदा फिरवून दाखवलं. गोल काचेमागे पाणी असं घुसळत होतं की मी खाली फतकल मारून बघत राहिले. माझ्या हातांनी लग्नापासून जे केलं ते कुणीतरी न कुरकुरता करतंय, हे पाहून मला भरून आलं, खरं सांगते.

मग आप्पांनी नारळ मागितला. नवी वस्तू आली की गाऱ्हाणं घालायचं, आणि त्यात ज्याची वस्तू त्याचं नाव घ्यायचं. देवापुढे खोटं कसं बोलणार? आप्पा मशीनसमोर हात जोडून म्हणाले, "बा म्हाराजा, ह्या सर्वेशशेटच्या मशीनला काय एक इजा होऊ देऊ नको, शेटची भरभराट कर रे म्हाराजा." आम्ही सगळी "व्हय म्हाराजा" म्हणालो. तिथेच मी फसले, कारण दुसऱ्याच्या वस्तूत आपले मळके कपडे घालणं आप्पांना पटेना. मशीनवर चादर पडली. ती चादर मळली की मी विहिरीवर नेऊन धुवायची.

दर गुरुवारी दुकानातली नम्रता स्कूटीवरून हप्ता न्यायला यायची. मी आमसुलं विकून हप्ते भरले, आणि आप्पा तिला कोकम सरबत पाजून शेटना निरोप द्यायचे की तुमचं मशीन सुखरूप आहे. वर्षभरात शेटच्या दुकानावर दुसरा मजला चढला. देव ऐकतो गं ताई, त्याला पत्ता तेवढा नीट सांगावा लागतो.

गेल्या गुरुवारी शेवटचा हप्ता फिटला. मी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं काढून ढीग घालून बसले होते. आप्पांनी पुन्हा नारळ मागितला. या खेपेला "आमच्या उमाचं मशीन" म्हणाले, आणि ते ऐकून माझा एवढ्या दिवसांचा राग विरघळला. पण पुढच्याच दमात त्यांनी देवाला शब्द देऊन टाकला की पहिला मान हिच्या माहेरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या कपड्यांचा, मग घरचे. मीही "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळी झाले (सवय गं, तोंडातून निघून जातं). ढीग परत विहिरीवर गेला.

बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार.

तुझी,
उमा

ता. क. माहेरची वडीलधारी आता तूच एक उरलीस. मिळेल त्या एसटीने ये. दर वेळी मी 'काही आणू नको' म्हणते, पण या वेळी मळके कपडे घेऊन ये. माझे हात फार दुखतात गं.

आणखी एक ता. क. गाऱ्हाण्याची गोष्ट नम्रताकडून सर्वेशशेटच्या कानावर गेली. काल ते स्वतः टेम्पोत बसून आले. फ्रीज घेऊन, हप्त्यावर, आणि सोबत नारळही त्यांचाच. दार उघडलं की आत आपोआप दिवा लागतो, मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. आप्पांनी शेटच्या नावाने गाऱ्हाणं घातलंसुद्धा. तेव्हा तू आलीस की सरबत माठातल्याच पाण्याचं मिळेल.