जप्त कुऱ्हाड

मी, भावना गणपत वासनिक, राहणार ईस्ट कोस्ट, सिंगापूर, हे पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्या दबावाशिवाय लिहिते. नोव्हेनाच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जे सांगितले, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. फ्लॅट आणि बचत मुलगी श्रिया हिला.

२. पुस्तके ग्रंथालयाला. माझा प्रबंध मात्र देऊ नये. तो मध्ययुगीन स्कॉट्स भाषेतल्या 'फॉर्स्टर' या शब्दावर आहे : राजाच्या रानाचा राखणदार, पुढे पिढीजात पद, मग आडनाव. हे सारे मी सनदांमधून घेतले. सरपणाला रानात जाणारे त्याला काय म्हणत, ते शोधले नाही. त्याची मला लाज वाटते, कारण मी कोणाची मुलगी आहे हे मला ठाऊक होते.

३. माझे वडील जंगल खात्यात गार्ड होते. नाक्यावर जप्त झालेल्या मोळ्या आमच्या चुलीत जळत. त्या भाकरीवर मी शिकले. एका बाईची कुऱ्हाड त्यांनी घरीच ठेवली. ती नागपूरला माझा भाऊ प्रफुल्ल याच्या माळ्यावर आहे. वडील सध्या इथे माझ्याकडे असतात आणि जेवताना श्रियाला त्या कुऱ्हाडीची गोष्ट सांगतात.

"आजोबा, सो यू वर द रेंजर, इज इट?"

"रेंजर म्हणजे मोठे साहेब. मी गार्ड. पण माझ्या बीटात मला विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं."

"अँड द आंटी?"

"रडली थोडी. नाव कोणाला आठवतंय आता."



४. ती कुऱ्हाड आमची कधीच नव्हती, म्हणून मी ती कोणाला देत नाही. प्रफुल्लने ती त्या बाईला किंवा तिच्या मुलाबाळांना परत करावी. फोटो काढू नये. वडील म्हणाले, "परत दिली तर मी चोर ठरतो, पोरी. नोकरी केली मी." बाईच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे.

५. वडिलांना काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला वाटा देता येत नाही, आणि साक्षीदार मला तेच हवेत. त्यांना प्रफुल्ल सांभाळील. तसे त्याने कबूल केले आहे.

सिंगापूर, १४ जून २०२५
भावना गणपत वासनिक

आमच्यासमोर सही केली :

अभय गोगटे, शेजारी

गणपत रामाजी वासनिक, निवृत्त गार्ड. कलम ४ मधली कोरी जागा सहीच्या आधी मी माझ्या हाताने भरली. कमलाबाई, नाक्यामागची वस्ती. तेव्हा तिची मुलगी कडेवर होती. कुऱ्हाडीला नवा दांडा बसवून द्यावा.