माजी गृहमंत्र्यांना शाल आणि नारळ

ख्राइस्टचर्च,
१८ ऑगस्ट

प्रिय प्रकाश यांस,

सप्रेम नमस्कार. (तुला 'यांस' लिहिताना हात अडखळला. पण तुझ्या बडतर्फीच्या कागदावर मी सही केली, त्याला एकवीस वर्षं झाली आणि तेव्हापासून आपण बोललेलो नाही. 'पक्या' म्हणायचा हक्क मला उरलाय की नाही, कळत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? स्नेहलतावहिनींची साखर आटोक्यात असल्याचं इकडून तिकडून कळतं. त्यांना माझा नमस्कार सांग. माझ्या नावाने भांडी आदळणार असतील तर नाव गाळून सांग. मी इथे लेकीकडे, सिद्धीकडे ठीक आहे. ऑगस्टात इथे कडक हिवाळा असतो. अंगावर इतके कपडे असतात की खाज सुटली तर हात पोचेपर्यंत ती थांबलेली असते.

पत्रास कारण म्हणजे आमचे शेजारी एलायस. वय एक्क्याऐंशी. त्यांची मुलगी इथे नर्स आहे, तिच्याकडे राहतात. आफ्रिकेतल्या त्यांच्या देशात (देशाचं नाव सांगत नाही, तू नकाशा काढून माझ्या चुका शोधत बसशील) ते गोऱ्या सरकारविरुद्ध जंगलात राहून लढले, सात वर्षं तुरुंगात काढली, स्वातंत्र्यानंतर निवडून आले, आधी शिक्षणमंत्री झाले आणि मग गृहमंत्री. आता ते मला गुलाब छाटायला शिकवतात. मी चुकलो की कात्री काढून घेतात, तेवढाच काय तो जुना अधिकार.

इथल्या आमच्या मराठी मंडळाला पंधरा ऑगस्टला दरवर्षी प्रमुख पाहुणे लागतात. गेल्या वर्षी दातांचे डॉक्टर होते, त्याआधी घरं विकून देणारे एक गृहस्थ. त्यामुळे खराखुरा स्वातंत्र्यसैनिक माझ्या कुंपणापलीकडे राहतो म्हटल्यावर आमचा अध्यक्ष इंद्रनील म्हणाला, "काका, स्वीट ॲज! हॉल मी बुक करतो." (इथल्या भाषेत 'स्वीट ॲज' म्हणजे झकास.) रिकार्टन भागातल्या भारतीय दुकानातून नारळ आला, मंडळातल्या अस्मिताने कपाटातली शाल काढली आणि पाहुण्यांचा परिचय अर्थातच माझ्याकडे आला. (मोरेश्वर परिचय करून द्यायला लागला की पाहुणाच जांभया देतो, असं तू म्हणायचास.) मी इंटरनेटवरून सगळी पदं गोळा केली, सालवार लावली आणि ठणकावून वाचलं, "गृहमंत्री म्हणून त्यांनी अंतर्गत विरोध कणखरपणे मोडून काढला!" आपल्या परिचयात पद म्हणजेच कर्तृत्व. त्या खुर्चीत बसून केलं काय, हे विचारायची आपल्यात पद्धत नाही. टाळ्या पडल्या. तीन स्वेटरांवर शाल बसेना, ती आम्ही कशीबशी बसवली.

एलायस उठले, त्यांनी शाल काढून घडी घातली आणि हळू आवाजात बोलायला लागले. तुरुंगात त्यांच्याबरोबर थॉमस नावाचा मित्र होता. दोघांत एक कांबळं, तेही सात वर्षं. स्वातंत्र्यानंतर थॉमस सरकारविरुद्ध वर्तमानपत्रात लिहायला लागला. त्याच्या अटकेवर एलायसनी सही केली आणि त्याला त्याच तुरुंगात धाडलं. "वरून आदेश होता, असं मी त्याच्या बायकोला सांगितलं," ते म्हणाले, "पण गृहमंत्र्याच्या वर असतं कोण?" मग त्यांनी थॉमसला माफीचं पत्र लिहायला घेतलं. शब्द नीट जमेनात म्हणून खोडत राहिले, पुन्हा लिहीत राहिले. चौथा खर्डा चालू असताना थॉमस तुरुंगातच वारला.

एवढं बोलून ते बसले. कुणी टाळी वाजवली नाही. इंद्रनीलने घाईघाईने चहा जाहीर केला. एलायसनी मला विचारलं, या नारळाचं काय करतात? मला रडू आलं, प्रकाश, चारचौघांत, नाक पुसायला रुमालही सापडेना.

भोसरीला युनियन आपण दोघांनी उभी केली. येरवड्यात अकरा दिवस एका ताटात जेवलो. मग मी पर्सोनेल मॅनेजर झालो आणि तू मशीनवरच राहिलास. सहीबद्दल तू मला गेटवर विचारलंस, तेव्हा मीही म्हणालो होतो की वरून आदेश आला होता. असो. हे पत्र मी पुन्हा वाचणार नाही, सुधारणारही नाही. आत्ता जाऊन टाकतो.

तुझा (खोडावंसं वाटलं तर खोड),
मोरेश्वर

ता. क. गुडघ्यासाठी इथल्या लोकरीचा पट्टा वेगळा पाठवतोय. लाच समजू नकोस.

ता. क. दुसरा. वरचं सगळं वाचलं नाहीस तरी चालेल, एवढं वाच. वरून फक्त आकडा आला होता, दहा. नावं माझ्यावर सोडली होती. नऊ मी रडतखडत लिहिली, तुझं मात्र सगळ्यांत आधी लिहिलं होतं. तू सगळ्यांदेखत मला 'साहेब' म्हणायचास, ते मला सोसत नव्हतं.

ता. क. तिसरा. माफ कर असं म्हणत नाही. पत्र पोचलं की पाकिटावरच्या नंबरावर एक मिस्ड कॉल दे. बोलू नकोस. तू आहेस, एवढं कळलं तरी पुरे.