हवा कुठून जाते

९ जून २००३
नांदेडहून आत्ता आलो. दुकान दिवसभर बंद. प्रज्ञाची टाळू शिवली ती जखम भरली, डॉक्टर खूश. पण बोलणं तसंच. पोरगी ‘पाणी’ मागते तर ‘माणी’ ऐकू येतं. आम्हाला कळतं, दुसऱ्याला नाही. बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनं तिच्या नाकाखाली छोटा आरसा धरला, म्हणाल्या, ‘प’ म्हण. आरशावर वाफ! म्हणजे हवा तोंडातून यायची ती नाकातून निघून राहिली. मी म्हणलं, मॅडम, वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे माझं, लीक मला समजतं, उपाय सांगा. हसल्या. उपाय काय, तर साबणाचे फुगे! रोज फुंकायला लावा, खेळ म्हणून, जबरदस्ती नाही. दिवाळीच्या आधी तपासू. हवा तोंडानं येऊ लागली तर ठीक, नाहीतर आणखी एक ऑपरेशन.

गाडीत बायको, सुरेखा, पोरीचे कोपर चोळत बसली. मागच्या ऑपरेशनला लेकरानं तोंडात हात घालू नये म्हणून दोन्ही कोपरांना पट्ट्या बांधल्या होत्या. नाक खाजवता येईना. पोरगी नुसती माझ्याकडं बघायची. ते पुन्हा बघणं माझ्यानं होणार नाही.

१० जून
ट्यूब बुडवायच्या घमेल्यात कपड्याची पावडर कालवली. पपईच्या पानाचा देठ दिला. फुंकायचं सोडून प्र.नं ओढलं! खोकला, उलटी, बोंबाबोंब. सु. लाटणं घेऊनच बाहेर. “लेकरू हाय का टूब हाय तुमची?”
 देठ बंद.

१३ जून
सायकलचा स्पोक वाकवून कडी केली. कडीला दोरा गुंडाळला, म्हणजे साबण धरून राहतो. आता ओढायची भानगडच नाही, समोर धरायची अन् फुंकायचं. मी फुंकलं तर फुगेच फुगे. ती फुंकते तर गाल फुगतात, नाक फुसफुस करतं, अन् कडीवरचं पाणी हलत नाही. शेवटी कडी फेकली, थेट रस्त्यावर. राग बापावर गेला आहे, त्यात वाद नाही.

१९ जून
निघाला! निघाला!
सु.नं दोन बोटांनी तिचं नाक दाबलं, म्हणली, फुंक आता. लिंबाएवढा फुगा. शेजारच्या हॉटेलचे रशीदचाचा भट्टी सोडून धावत आले. “वा बेटा! और एक!” चाक खोललेला ट्रकवाला जॅकवरची गाडी विसरून टाळ्या पिटत होता. कोणी परकं आलं की फ्रॉकचं टोक तोंडावर धरून बसणारी माझी पोरगी आज सगळ्यांसमोर दात काढून हसली. चाचानं पेढे वाटले. मी डोळे पुसले ते ग्रीसच्या हातानं. सु. म्हणते, अस्वल दिसून राहिले.

४ जुलै
फुगे टिकत नव्हते. चाचा म्हणे, “थोडा पाक डालो.” गुलाबजामचा पाक आणून ओतला. काय सांगू! फुगा उडत उडत रस्त्यापलीकडं जातो आता. मुंग्यांनीही घमेलं शोधलं. चाचाची नात रुबी, वर्षाची, भारी रडकी. फुगा दिसला की गप. म्हणून चाची तिला प्र.च्या कडेवर देऊन मोकळी होते. प्र. नाक दाबायला सु.ला हाक मारत नाही आता. स्वतःचं स्वतः दाबते.

२३ जुलै
शाळेतले सर गाडी ढकलत आले. पंक्चर काढेपर्यंत हसूनच राहिले. म्हणलं, काय झालं? तर पहिलीचा सगळा वर्ग नाक धरून बोलून राहिला! प्र. उभी राहिली, नाक दाबलं अन् बाराखडी म्हणली. बऱ्यापैकी समजली. पोरांना वाटलं, म्हणायची रीतच ही. आता सगळे हजेरीलाही नाक धरतात. सर म्हणे, “पन तुमची पोरगी बोलून राहिली, हे बरं झालं.”
मी पंक्चरचे पैसे घेतले नाहीत.

२१ ऑगस्ट
नांदेड. प्र.नं ऐटीत नाक दाबून फुगा काढून दाखवला. मॅडम म्हणाल्या, शाब्बास, आता हात काढून. काही नाही. पुन्हा. काही नाही. आरशावर तीच वाफ.
मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. दाबणं सुरुवातीपुरतं चालतं म्हणे, पण हळूहळू सोडायला हवं होतं. खरंच की. भोकावर बोट ठेवून ट्यूब भरली अन् पंक्चर निघालं म्हणून फाटाभर पेढे वाटले आम्ही!

७ सप्टेंबर
आज ओरडलो. नाकावरचा हात काढ म्हणलं की ती तोंडच मिटते. मी हात धरून ओढला. दिवसभर जेवली नाही. सु. म्हणे, “मॅडम काय म्हणल्या व्हत्या? खेळ. तुमी काहून पोलिसावानी करून राहिले?”
बराबर आहे. भीती माझी, अन् चिडतो तिच्यावर.
संध्याकाळी मी स्वतःच्या नाकाला कपड्याचा चिमटा लावून गिऱ्हाइकाशी बोललो. ती दाराआडून बघत होती. मग हसली एकदाची, भाकर खाल्ली. त्या गिऱ्हाइकाला काय वाटलं असेल कोण जाणे.

२ ऑक्टोबर
ऊन चटकून राहिलं. फुगे लगेच फुटतात. प्र. अर्ध्या वेळी दाबते, अर्ध्या वेळी सोडते. सोडलं की कडीवरचा साबण जरा फुगतो, थरथरतो अन् मागं येतो. पूर्वी हलतसुद्धा नव्हता. सु.ला दाखवलं. ती म्हणे, दिसलं, पण बोलू नका, नजर लागंल.
बोललो नाही. लिहून ठेवतो.

१७ ऑक्टोबर

दुपारी चाची भांड्यात गुंतलेली, रुबी प्र.च्या कडेवर, भोकाड पसरलेलं. प्र.च्या एका हातात रुबी, दुसऱ्या हातात कडी. नाक दाबायला हातच नाही. मी जॅक लावून राहिलो होतो. रुबी एकदम गप झाली म्हणून मान वर केली, तर फुगा! चांगला मोसंबीएवढा, रुबीच्या डोक्यावर.
पण त्याच वेळी बाजूनं टँकर गेला होता. त्याच्या वाऱ्यानं माझी टोपीसुद्धा उडाली. गाडीच्या वाऱ्यानं कडीतून आपोआप फुगा निघतो, मी कितीदा बघितला आहे.
विचारलं, “प्रज्ञा, तू फुंकलं का गाडीच्या वाऱ्यानं झालं?”
“मी!” चिडून म्हणली.
‘मी’ तर तिला पहिल्यापासून येतं. त्याच्यावरून काही कळत नाही.
पुन्हा करून दाखव म्हणायची हिंमत झाली नाही. सु. म्हणे, नका विचारू. तिनंही बघितलं नव्हतं. दोघं चहा घेऊन बसलो, चहा निवून गेला.

२० ऑक्टोबर, गाडीत
आज तपासणी. सकाळी फाट्यावर गाडीची वाट बघत उभे होतो, तर प्र. दोन्ही हात पाठीमागं धरून, ओठांचा चंबू करून नुसतीच फुंकून राहिलेली.
“हात काहून मागं?”
“मॅडमला दिसंल, कुनी दाबलं न्हाई.”
मग हळूच म्हणली, “आज पट्ट्या बांधतेत का?”
काय सांगू? म्हणलं, आज नुसतं बघणार आहेत. खोटं नाही ते. पण पुढचं मी बोललो नाही, अन् तिच्या लक्षात आलं. सु.नं तिला जवळ ओढली.

गाडी मिळाली, जागाही मिळाली. अर्धापूर मागं गेलं. सु.च्या पिशवीत कडी आहे, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत साबण आहे, चाचाचा पाक घालून. चाचा निघताना म्हणे, “दुआ भी मिलाया हूँ उसमें.”

प्र.नं आत्ता मला खिडकी लावायला सांगितली. म्हणलं, गरम होईल. म्हणे, वारं येतं. त्या दिवसाचं टँकरचं बोलणं मनात ठेवलं आहे पोरीनं! लावली. सु.ला पुढची खिडकीही लावायला लावली. पुढच्या आजीबाई कुरकुरल्या.
बाटली उघडून कडी बुडवली, माझ्यासमोर धरली. “धरा.”
लिहून राहिलो म्हणलं.
“लिवनं बंद करा. धरा.”
हात पाठीमागं गेले तिचे. सु.नं पदराचं टोक तोंडात धरलं आहे. मीही श्वास रोखतो, माझ्या हवेनं काही व्हायला नको. वही ठेव