नव्या लॅपटॉपचं कोरुमदूक

१० नोव्हेंबर, बिश्केक

माझ्या टिपणातला परिच्छेद उडवला! कुबात आगायनी, लाल पेनानं, चहाचे घुटके घेत घेत. एवढंच लिहिलं होतं मी — पिठाचे भाव बांधले तर व्यापारी माल आणणार नाहीत, महिन्याभरात दुकानं रिकामी पडतील. त्यापेक्षा गरिबांच्या हातात थेट पैसे द्या. "मंत्र्यांना हे ऐकायचं नाहीये, जिपारा." आणि हे आगाय आमच्या खात्याचे प्रमुख म्हणे! कणा नावाची चीज नाही. सोमवारी मंत्री भाव बांधायच्या आदेशावर सही करणार.

१२ नोव्हेंबर

जुन्या लॅपटॉपनं मान टाकली. चार किलोचं धूड! सुटले.

१३ नोव्हेंबर

नवा आला!! वहीएवढा हलका. उघडला की लगेच सुरू — उगाचच चारदा उघडझाप केली. आता नवी वस्तू रिकाम्या हातानं पाहायची नसते, बघण्याची भेट म्हणून कोरुमदूक द्यावंच लागतं. चहावाल्या तामारा एझेनी सुकवलेल्या दह्याचे दोन टणक गोळे, कुरुत, ठेवले, वर दम — "दात सांभाळ गं!" आगाय नुसतेच बघून गेले. चिंगूस!

१६ नोव्हेंबर

जमलं! जमलं!

सहीआधी मंत्री आमच्या खोलीत डोकावले. "नवा लॅपटॉप आलाय म्हणे? बघू तरी." मी उघडला. समोर माझं टिपण — न छाटलेलं, मोठ्या अक्षरांत. मुद्दामच ठेवलं होतं. आगाय भिंतीला टेकलेले, पांढरेफटक.

मंत्र्यांनी दोनदा वाचलं. "हे माझ्या कागदात का नाही?"

मग माझ्याकडे वळले.

"बरं. पाहिलं तर खरं. काय देऊ कोरुमदूक?"

"सही करू नका," मी म्हणाले. माझं हे तोंड!

ते हसले आणि गेले. दुपारी निरोप — भाव बांधणार नाहीत, पैसे थेट देणार. जिन्यात एकटीच नाचले मी!

१७ नोव्हेंबर

सगळ्यांना खिम्याचे गरम सामसे चारले. आगाय फिरकले नाहीत. न येईनात का!

२० नोव्हेंबर

आगायनी टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला. "माझं कोरुमदूक राहिलं होतं." थांबलेसुद्धा नाहीत.

आत एकोणीस जुनी टिपणं, कागदावरून स्कॅन केलेली. सगळी त्यांची, माझ्यापेक्षाही सडेतोड. प्रत्येकात एक परिच्छेद वरच्या कुणीतरी लाल पेनानं खोडलेला. पहिलं लिहिलं तेव्हा ते माझ्याच वयाचे होते.

शेवटचं सोळा वर्षांपूर्वीचं. त्यानंतर खोडण्यासारखं त्यांनी काही लिहिलंच नाही.