रविवार, रोजच्यासारखाच

मुलुंड, बुधवार

तीर्थरूप भाऊरावमामा यांना,

चंद्रप्रकाशचा साष्टांग नमस्कार. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही वर्तमानपत्रातल्या तक्त्यांच्या बेरजा पुन्हा तपासायला लागलात, असं मामींनी फोनवर सांगितलं, म्हणजे प्रकृती उत्तम असणार. कुडाळला उकाडा कितपत आहे? आम्ही इकडे खुशाल आहोत. (पत्र वाचून झाल्यावर हे वाक्य तुमचं तुम्ही दुरुस्त करावं.)

तुमची सगळी नोकरी सांख्यिकी कार्यालयात गेली. माहिती विचारायला कोणी दारात आलं तर खरं तेच सांगायचं, त्यावर पुढचे लोक विसंबतात, हे तुम्ही मला शाळेत असताना बजावलं होतंत. म्हणून ही कबुली तुमच्याकडेच.

आमच्या सोसायटीतली काही घरं सरकारी पाहणीत निवडली गेली, त्यात आमचं. गेल्याच्या गेल्या शनिवारी प्रियंका नावाची मुलगी टॅब घेऊन आली. लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात, याची म्हणे देशभर पाहणी चालू आहे. सोमवारी येऊन ती घरातल्या प्रत्येकाला आदल्या दिवसाबद्दल विचारणार होती, पहाटे चारपासून पुढच्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचं. "आणि सर, तुमचं एक घर म्हणजे तुमच्यासारखी हजारो घरं, असं धरतात," एवढं सांगून ती शेजारी गेली.

इथे माझी वाट लागली. मी रोज डायरी लिहितो, ती काढून मागचे आठ रविवार तपासले. वाचन भरपूर होतं, चिंतनही होतं (आडवं होऊन). घरकाम म्हणता येईल अशी नोंद एकच: 'आज चहाचा कप स्वतः उचलून ठेवला.' खाली रेघसुद्धा मारली होती. हजारो पुरुषांच्या वतीने हे सांगायची मला लाज वाटली.

म्हणून रविवारी पाचला उठलो. केर काढला, लादी पुसली, कपडे वाळत घातले, भांडी घासली. बांगडे आणून साफ केले (निम्मे मांजरीला गेले) आणि कालवणही केलं. सुलक्षणा उठायला लागली की तिला पुन्हा खुर्चीत बसवत होतो. आमची अपूर्वा बारावीला आहे, तिने बराच वेळ बघून विचारलं, "बाबा, डॉक्टर काही बोललेत का? आम्हाला सांग ना."

सोमवारी मी सगळं घडाघडा सांगितलं. प्रियंका म्हणाली, "सर, असे पुरुष फार कमी भेटतात." मी नम्रपणे छताकडे पाहिलं. मग सुलक्षणाची पाळी.

"साडेदहा ते अकरा?"

"बसले होते."

"अकरा ते साडेअकरा?"

"बसलेच होते गं. हा उठू देईल तर ना!"

शेवटी प्रियंकाने विचारलं, दिवस रोजच्यासारखाच होता की वेगळा? मामा, माझ्यासारख्यांना सुटायला सरकारने स्वतःहून दार उघडं ठेवलं होतं. आणि सुलक्षणा तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "रोजच्यासारखाच."

प्रियंका गेल्यावर सुलक्षणा ओरडली नाही. (ओरडली असती तर परवडलं असतं.) एवढंच म्हणाली, "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी घरी येऊन विचारलं रे, दिवसभर काय करतेस. आणि मी काय सांगितलं? बसले होते."

मी लगेच प्रियंकाला फोन केला. ती म्हणाली, "माहिती वर गेली सर. आता साहेबांना विचारावं लागेल, आणि मी जोगेश्वरीत आहे." सुलक्षणाला हे सांगितलं, तर तिने केरसुणी माझ्या हातात दिली. "रोजच्यासारखाच म्हणालास ना? मग जे सांगितलंस ते खरं कर. रोज."

आज दहावा दिवस. काल कणीक सैल झाली म्हणून मी थबकलो, तर बाहेरून आवाज आला, "आटप रे, हजारो घरं जेवायची खोळंबलीत!"

मला नेमकं काय टोचतंय, खोटं बोललो ते की काम करावं लागतंय ते, हे मी प्रामाणिकपणे डायरीत मांडून पाहिलं. कामाबद्दल चार पानं झाली. खोट्याबद्दल दीड ओळ.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
चंद्रप्रकाश

ता. क. दिलेली माहिती दुरुस्त करून घ्यायला अर्ज कसा लिहितात आणि कोणाकडे करतात? नमुना उलट टपाली पाठवा. खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. सुलक्षणाने पत्र वाचलं. मी घासलेला कुकर आणि कढई ती रोज मागाहून पुन्हा घासते, हे मामांना कळव म्हणाली. कळवलं. (मला माहीत नव्हतं.) अर्जही तीच करणार आहे, कारण चुकीचा नोंदला गेला तो तिचा दिवस. तेव्हा नमुना तिच्या नावाने पाठवा. माझ्या हातात पडला, तर मी माझ्यापुरती कणकेतून सुटका करून घेईन आणि सुलक्षणा सरकारी नोंदीत तशीच बसून राहील.