टॉवेलवरचा तुझा लेख

बारके,

मावशीकडे जातेय, उद्या येईन. दूध तापवलंय, गार झालं की फ्रिजमध्ये ठेव. मशीनमधले टॉवेल आठवणीने वाळत घाल, नाहीतर कुबट वास मारतील. पण तुला कशाला सांगायचं? तू तर आता त्यातली तज्ज्ञ!

आपल्या वेबसाइटच्या संपादकबाईंनी तुझा टॉवेलवरचा लेख सगळ्या लेखकांना पाठवलाय. मला तर वेगळा फोन केला: "धाकट्या बहिणीकडून शिका जरा. समोर बसून बोलल्यासारखं लिहिते." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मशीन आहे ते, पोतं नव्हे! कोंबतेस काय?" हे वाक्य वाचकांना फार आवडलंय म्हणे. आवडणारच. रविवारी मी बाथरूममधून तुझ्यावर ओरडले, ते जसंच्या तसं उचललंस. आणि ओरडून झाल्यावर मी शहाणी टेबलाशी बसून काय लिहिलं? "वस्त्रे धुताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात." तो लेख कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही.

आता ही चिठ्ठीही तू छापशील, ओळखून आहे मी तुला. खुशाल छाप. फक्त या वेळी वर नाव माझं घाल.

ताई